हजार चेहऱ्यांचा लॉन चॅनी

भयपटांचे मला वेड आहे. मित्र हसतात, हसोत बापडे! या नादाला मला लावले ते लॉन चॅनीने. १९२५ च्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा'त नायिका त्याचा मुखवटा ओढते, तेव्हा मी दचकलो होतो. पुन्हा पाहिले, तेव्हा त्या कवटीसारख्या चेहऱ्यावर मला भीतीपेक्षा लाजच अधिक दिसली.

न बोलता बोलणे तो घरीच शिकला. १८८३ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे तो जन्मला. आईवडील दोघेही बहिरे. पुढे आई अंथरुणाला खिळली, तेव्हा गावात दिवसभर काय घडले ते हा पोरगा तिला हावभावांनी करून दाखवी. मग नाटके, मग मूकपट. रंगभूषा स्वतःची स्वतःच करी. १९२३ मध्ये त्याने रंगवलेला कुबडा क्वासिमोदोही बहिराच! त्याच्या कुबडाचे कौतुक सारेच करतात. मला त्याचे हात आठवतात.

बोलपट आले, तरी तो काही काळ दूरच राहिला. अखेर १९३० च्या 'द अनहोली थ्री'त त्याने निरनिराळे आवाज काढून दाखवले. तोच त्याचा पहिला आणि शेवटचा बोलपट. त्याच वर्षी २६ ऑगस्टला कर्करोगाने तो गेला. वय अवघे ४७. शेवटच्या दिवसांत त्याची वाचा गेली होती. घरच्यांशी तो खुणांनीच बोले.