अगाथा ख्रिस्ती

डेम अगाथा मेरी क्लॅरिसा ख्रिस्ती (माहेरचे आडनाव: मिलर, १५ सप्टेंबर १८९० – १२ जानेवारी १९७६) या इंग्लिश रहस्यकथालेखिका व नाटककार होत्या. त्यांनी ६६ रहस्यकादंबऱ्या व १४ कथासंग्रह लिहिले. हर्क्यूल प्वारो हा बेल्जियन गुप्तहेर आणि मिस मार्पल ही खेड्यात राहणारी वृद्ध अविवाहिता ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध पात्रे होत. सर्व दुवे वाचकासमोर ठेवूनही त्याला अखेरपर्यंत चकवणारे कथानक हे त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य मानले जाते. त्यांच्या कथांवर नाटके, चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका तयार झाल्या. एकविसाव्या शतकात कोडी सोडवण्याच्या साहसी व्हिडिओ गेमची त्यांत भर पडली.

प्रारंभिक जीवन

अगाथा यांचा जन्म इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील टॉर्की येथे झाला. वडील फ्रेडरिक मिलर अमेरिकन होते. अगाथा यांचे बालपणीचे शिक्षण मुख्यतः घरीच झाले. १९०१ साली वडिलांचे निधन झाल्यावर कुटुंबास आर्थिक अडचणींना तोंड द्यावे लागले. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले.

२४ डिसेंबर १९१४ रोजी त्यांचा विवाह आर्चिबाल्ड ख्रिस्ती या लष्करी अधिकाऱ्याशी झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी टॉर्की येथील रेडक्रॉस रुग्णालयात परिचारिका म्हणून व नंतर औषधालयात काम केले. १९१७ मध्ये त्या औषधनिर्मितीची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. येथे मिळालेले विषांचे ज्ञान त्यांच्या लेखनात वारंवार उपयोगी पडले.

लेखन व अज्ञातवास

'द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स' ही त्यांची पहिली कादंबरी १९२० साली प्रसिद्ध झाली. प्वारो या कादंबरीतूनच वाचकांसमोर आला. १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' या कादंबरीने लेखिकेने वाचकाशी प्रामाणिक राहावे की नाही, असा वाद निर्माण केला. रहस्याची उकल निवेदनाच्या रचनेतच दडलेली असल्याने काहींना ती फसवणूक वाटली. इतरांच्या मते दुवे पुरेसे होते.

त्याच वर्षी आईचे निधन झाले आणि पतीने घटस्फोटाची मागणी केली. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री अगाथा घरातून निघून गेल्या. त्यांची मोटार सरे परगण्यात बेवारस सापडली व देशभर शोध सुरू झाला. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेट येथील हॉटेलात पतीच्या प्रेयसीचे आडनाव धारण करून राहत असल्याचे आढळले. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. अगाथा यांनी आपल्या आत्मचरित्रात या प्रसंगाविषयी काहीही लिहिलेले नाही. १९२८ मध्ये घटस्फोट झाला.

त्याच वर्षी त्यांनी ओरिएंट एक्सप्रेसने बगदादच्या दिशेने एकटीने प्रवास केला. ऊर येथील उत्खननस्थळी त्यांची पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी ओळख झाली आणि सप्टेंबर १९३० मध्ये दोघांचा विवाह झाला. पतीसमवेत त्या सीरिया व इराकमधील उत्खननांत सहभागी होत. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' (१९३४), 'द एबीसी मर्डर्स' (१९३६), 'डेथ ऑन द नाईल' (१९३७) व 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) या कादंबऱ्या याच काळातील आहेत.

उत्तरायुष्य

'द माउसट्रॅप' या त्यांच्या नाटकाचे प्रयोग लंडनमध्ये नोव्हेंबर १९५२ मध्ये सुरू झाले व कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये थांबेपर्यंत ते अखंड चालू होते. १९७१ मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. १२ जानेवारी १९७६ रोजी वॉलिंगफर्डजवळील विंटरब्रुक येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

व्हिडिओ गेम रूपांतरे

ख्रिस्ती यांच्या कादंबरीत वाचक गुप्तहेराच्या बरोबरीने तर्क करतो. गेममध्ये खेळाडूला स्वतः खोल्या तपासाव्या लागतात, वस्तू गोळा कराव्या लागतात व संशयितांना प्रश्न विचारावे लागतात. कादंबऱ्यांतील अनेक दुवे वस्तूंपेक्षा संभाषणात दडलेले असल्याने त्यांना कोड्यांचे रूप देणे कठीण जाते. त्याहून मोठी अडचण अशी की कादंबरी वाचलेल्या खेळाडूला खुनी आधीच ठाऊक असतो.

२००५ मधील 'अँड देन देअर वेअर नन' या गेममध्ये बेटावरील दहा जणांखेरीज पॅट्रिक नॅराकॉट हा नावाडी नव्याने आणला गेला व खेळाडूला त्याची भूमिका मिळाली. गेममधील खुनीही कादंबरीतील खुन्याहून वेगळा ठेवण्यात आला. असा बदल ख्रिस्ती यांच्या कथांना नवा नव्हता. १९४३ साली याच कादंबरीचे नाटक करताना त्यांनी स्वतःच शेवट बदलून दोन पात्रांना जिवंत ठेवले होते.

२००६ च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' गेममध्ये जखमी प्वारोच्या वतीने आंत्वानेत मार्सो ही नवी नायिका तपास करते. प्वारोला आवाज दूरचित्रवाणीवर ही भूमिका करणारे अभिनेते डेव्हिड सुशे यांनी दिला. २००७ च्या 'ईव्हिल अंडर द सन' मध्ये मूळ कादंबरीत नसलेला कॅप्टन हेस्टिंग्ज खेळाडूच्या हाती येतो.

२०१६ मधील 'द एबीसी मर्डर्स' मध्ये खेळाडू स्वतः प्वारो असतो व त्याच्या टापटिपीला, अहंकाराला साजेसे वागल्यास गुण मिळतात. २०२१ च्या 'हर्क्यूल प्वारो: द फर्स्ट केसेस' साठी मूळ कादंबरीऐवजी तरुण प्वारोची नवी कथा रचण्यात आली, त्यात मिळालेली माहिती आकृतीत जोडून निष्कर्ष काढावे लागतात. २०२३ च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' या नव्या गेममध्ये कथा वर्तमानकाळात आणून जोआना लॉक ही दुसरी तपासनीस दाखवली आहे.