इंदूर पद्धतीचे जनक अल्बर्ट हॉवर्ड : मातीला आधी खाऊ घाला

कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ सर्वांना ऐकून माहीत आहे. ती कोणी आणि कोणत्या अडचणीतून बसवली हे समजले, तर परसबागेची माती कशी सुधारावी हेही समजते.

जमीन नसलेला रोगतज्ज्ञ

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजमध्ये शिकून ते वेस्ट इंडीजमध्ये बुरशीतज्ज्ञ झाले. पिकांच्या रोगांवर सल्ला द्यायचा. पण तो स्वतः पीक घेऊन तपासण्यासाठी हाताशी जमीन नाही, ही खंत त्यांना होती. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत आले आणि त्यांना जमीन मिळाली. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी गव्हाचे सुधारित पुसा वाण तयार केले. याच काळात आसपासचे शेतकरी औषधांशिवाय निरोगी पिके कशी घेतात, हे हॉवर्ड बारकाईने पाहत होते.

इंदूरची पऱ्हाटी

१९२४ मध्ये होळकर संस्थानातील इंदूर येथे त्यांनी नवी संस्था उभी केली. मुख्य पीक कापूस, जमीन काळी. शेण गोवऱ्यांत जळत होते आणि टणक पऱ्हाट्या लवकर कुजत नव्हत्या. कच्चा काडीकचरा थेट जमिनीत गाडला, तर तो कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून कुजण्याचे काम शेताबाहेर उरकायचे, असे त्यांनी ठरवले.

पऱ्हाट्या शेतातील रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली भरडल्या. त्या व इतर काडीकचरा बैलांखाली अंथरला. मग ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल खड्ड्यात हा कचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर दिले. ओलावा राखून साधारण दोन आठवडे, एक महिना व दोन महिन्यांनी खत वरखाली केले. तीन महिन्यांत खत तयार झाले. या कामात रसायनतज्ज्ञ य. डी. वाड त्यांचे सहकारी होते.

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. १९३१ मध्ये हॉवर्ड व वाड यांनी ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली आणि त्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. पुढे रासायनिक खतांना त्यांनी कडाडून विरोध केला आणि अनेक शास्त्रज्ञांशी त्यांचे मतभेद झाले. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा हा टोकाचा विरोध आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. माती परीक्षणानुसार खते द्यावीच लागतात. पण सेंद्रिय पदार्थ नसलेल्या जमिनीत दिलेले खतही नीट लागू होत नाही. पऱ्हाट्या आजही बांधावर पेटवल्या जातात, तेव्हा हॉवर्ड यांनी शंभर वर्षांपूर्वी जे वाचवले तेच आपण जाळतो.

परसबागेसाठी

- सुमारे एक मीटर लांब-रुंद जागा पुरते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, त्यामुळे जमिनीवर ढीग करावा.
- तीन-चार भाग पालापाचोळ्याला एक भाग शेण घ्यावे. काड्या बारीक कराव्यात.
- ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवावा. दुर्गंधी आली तर हवा कमी पडते आहे असे समजून ढीग वरखाली करावा.
- गडद, भुसभुशीत व मातीचा वास येणारे खतच वापरावे. ते दोन-तीन सेंटीमीटर जाडीने पसरून वरच्या थरात मिसळावे.
- हे दरवर्षी करावे. एका हंगामात माती बदलत नाही.