चार्ल्सचा नियम आणि चार्ल्स

अकरावीला चार्ल्सचा नियम आपण सगळ्यांनीच घोकलाय. दाब स्थिर ठेवला तर वायूचं आकारमान केल्विन तापमानाच्या प्रमाणात वाढतं. दोन मार्क, विषय संपला. मला मात्र नियमापेक्षा तो माणूसच जास्त आवडतो.

जाक चार्ल्सचा जन्म १७४६ सालचा, फ्रान्समधला. पॅरिसमध्ये सरकारी खात्यात कारकुनी करत होता. ती नोकरी गेली आणि पठ्ठ्या भौतिकशास्त्राकडे वळला. गणित बेताचंच, पण हात कसबी. त्याचे प्रयोग बघायला पॅरिसकर गर्दी करत.

जून १७८३ मध्ये मोंगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा उडवला. चार्ल्सने हायड्रोजन निवडला. हिशोब आर्किमिडीजचाच: फुगा जेवढी हवा बाजूला सारतो, तिच्या वजनाइतका रेटा त्याला वर ढकलतो. एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो, तेवढाच हायड्रोजन जेमतेम ८५ ग्रॅम. म्हणजे घनमीटरमागे १.१ किलो उचल. त्यातून कापडाचं वजन वजा. (हेलियम हायड्रोजनच्या दुप्पट जड, तरी उचल फक्त सात-आठ टक्क्यांनी कमी. व्हायव्हाला उपयोगी पडेल!)

खरी पंचाईत वायू कोंडून ठेवण्याची. रॉबर्ट बंधूंनी रेशमी कापडाला टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या रबराचा लेप दिला. लोखंडाच्या किसावर गंधकाम्ल ओतून वायू केला; भरायलाच काही दिवस लागले. २७ ऑगस्टला फुगा उडाला आणि गोनेस गावात पडला. घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या!

१ डिसेंबरला चार्ल्स स्वतः धाकट्या रॉबर्टबरोबर उडाला. वाळूच्या पिशव्या, वायू सोडायची झडप, बॅरोमीटर, सगळं बरोबर. दोनेक तासांनी जमिनीवर आल्यावर रॉबर्ट उतरला आणि चार्ल्स एकटाच पुन्हा निघाला. एका माणसाचं वजन गेलेलं. फुगा सुसाट, सुमारे तीन किलोमीटर वर. तिथे बाहेरचा दाब कमी, म्हणजे आतला वायू फुगणार, कापड फाटलं की खेळ खलास. झडप उघडून त्याने निभावलं. एकदा मावळलेला सूर्य त्याला वरून पुन्हा दिसला. पण थंडी कडाक्याची, कान ठणकू लागला. पुढे तो आयुष्यात कधीच उडाला नाही.

१७८७ च्या सुमारास त्याने वायूंच्या प्रसरणाचे प्रयोग केले, छापलं मात्र काहीच नाही. आजच्या कॉलेजात त्याचं प्रमोशन नक्की अडकलं असतं! १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने स्वतःचे जास्त काटेकोर प्रयोग छापले आणि त्यात चार्ल्सच्या कामाची नोंद केली. केली नसती तर कोणाला पत्ता लागणार होता? तेव्हा चार्ल्स हयात होता. तो गेला १८२३ मध्ये.