भारतभावदीपकार नीलकंठ चतुर्धर

श्रीगजाननाने व्यासमुखातून आलेले भारत लिहून घेतले, ही कथा ज्या पाठामुळे घरोघरी रुजली, तो पाठ सिद्ध करणारे पंडित गोदातीरीच्या कोपरगावचे होते. नीलकंठ चतुर्धर हे त्यांचे नाव. चतुर्धर म्हणजे आपले चौधरीच. काशीच्या विद्वत्सभेत शोभावे म्हणून संस्कृताचा शेला पांघरलेले! पिता गोविंद, माता फुल्लांबिका. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीक्षेत्री राहून त्यांनी वेदान्तादी शास्त्रांचे अध्ययन केले.

तेथे त्यांनी आरंभिलेले कार्य छाती दडपविणारे होते. महाभारताच्या पोथ्यांत प्रांतोप्रांती पाठ भिन्न. कोठे श्लोक अधिक, कोठे अध्यायच उणा. लेखनिकाच्या डुलकीने झालेले प्रमाद निराळेच. नीलकंठांनी देशोदेशीच्या पोथ्या मिळविल्या, पूर्वीच्या टीकाकारांची मते पाहिली आणि उत्तम वाटला तो पाठ निवडून अठराही पर्वांवर ‘भारतभावदीप’ ही टीका रचिली. गौडदेशी कोणता पाठ म्हणतात, हेही ते जागोजागी नोंदवितात. श्रीमद्भगवद्गीतेवरील त्यांचे अद्वैतपर विवरण ह्याच टीकेचा भाग होय.

पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात 1259 हस्तलिखिते तपासून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत गणेशलेखनाची कथा मूळ संहितेतून परिशिष्टात गेली, कारण अनेक महत्त्वाच्या पोथ्यांत ती नाही. बोदवडला गणेशोत्सवातील कीर्तनात आम्ही हे सांगितले, तेव्हा एका वृद्ध श्रोत्याचा चेहरा उतरला; मग बाप्पांनी भारत लिहिलेच नाही की काय, असे त्यांनी कळवळून विचारले. आम्ही म्हणालो, आजोबा, संशोधक पोथीचे वय मोजतात, ते त्यांचे कर्तव्यच. नीलकंठांपुढे परंपरेने श्रद्धेने जपलेला ग्रंथ होता. त्यातील शक्य तेवढे राखून अर्थ लावणे हे त्यांनी आपले व्रत मानले. आम्हांस दोघेही वंद्य आहेत. मात्र कीर्तनातून ती कथा आम्ही गाळणार नाही!

गजाननाचे ऋण नीलकंठांनी आणखी एका प्रकारे फेडले. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात गजानन वरेण्य राजास तत्त्वोपदेश करितो, ती गणेशगीता. तिजवरही त्यांची टीका आहे. घरी मूर्ती विराजमान असता गणेशगीतेचा एखादा अध्याय त्या टीकेच्या आधाराने वाचून पाहावा.