कोबॉल, पण कोणतं?

ग्रेस हॉपर म्हटलं की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे मशीनमध्ये सापडलेला किडा आणि दुसरी ‘कोबॉलची आई’ ही पदवी. खरं तर तो किडा त्यांनी स्वतः काढला नव्हता आणि कोबॉल बनवलं एका समितीने, बाई तिथे सल्लागार होत्या. मला त्यांचं आवडतं काम तिसरंच आहे, आणि ते वयाच्या साठीनंतरचं!

जन्म १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सात वर्षांच्या असताना घरातली सात अलार्म घड्याळं खोलून बसल्या होत्या. १९३४ मध्ये येलची गणितातली पीएच.डी., सोबत वासार कॉलेजात शिकवणं. १९४३ मध्ये वजन कमी आणि वय जास्त असूनही नौदलाच्या राखीव दलात घुसल्याच, तिथून हार्वर्डच्या ‘मार्क-१’ वर. १९५२ मध्ये ‘ए-०’ हा त्यांचा कंपायलर आला. पुढे इंग्रजी शब्दांत लिहायची ‘फ्लोमॅटिक’ भाषा केली, आणि १९५९ मध्ये कोबॉल आखताना तिचाच मोठा आधार घेतला गेला.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना वयामुळे निवृत्त केलं. ऑगस्ट १९६७ मध्ये परत बोलावलं, फक्त सहा महिन्यांसाठी. काम काय, तर नौदलातलं कोबॉल एका मापात आणायचं. तोवर कोबॉल-६०, ६१, ६५ असे अवतार झाले होते, शिवाय प्रत्येक कंपनीची स्वतःची भर. सगळ्यांचं नाव मात्र कोबॉल! एका मशीनवरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडायचा. आपण सीनियरकडे नोट्स मागताना आधी विचारतो ना, २०१५ पॅटर्न की २०१९? तसंच.

हॉपरबाईंच्या गटाने चाचणीचे प्रोग्रॅम लिहिले. स्टँडर्डमधली (मानक हा शब्द आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना जरा जड जातो) एकेक गोष्ट कंपायलरला खरंच जमते का, हे ते प्रोग्रॅम तपासायचे. ब्रोशरमध्ये काहीही छापलेलं असो! १९६८ मध्ये अमेरिकेचं पहिलं अधिकृत कोबॉल स्टँडर्ड आलं, मग १९७४ आणि १९८५ ची. हे आकडे शोभेचे नव्हते. ६८ मध्ये ‘एक्झामिन’ नावाची आज्ञा होती, ७४ मध्ये ती जाऊन ‘इन्स्पेक्ट’ आली. म्हणजे साल न सांगता नुसतं कोबॉल म्हणणं अर्धवटच.

आमच्या लॅबमध्ये ही गंमत रोज चालते. निळ्या स्क्रीनच्या कंपायलरवर ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ मुकाट्याने चालतं, रूमवरच्या लॅपटॉपवर एरर. कारण तो कंपायलर १९९८ च्या पहिल्या सी प्लस प्लस स्टँडर्डच्याही आधीचा आहे. मॅन्युअलवर मात्र नुसतं ‘सी प्लस प्लस’ लिहिलेलं. सी मध्ये तर आणखी मजा! सी-८९ आणि सी-९० ही भाषा एकच. आधी अमेरिकेने मंजूर केली, पुढच्या वर्षी आयएसओने.

बाईंचे ते सहा महिने लांबतच गेले. १९७१ मध्ये पुन्हा निवृत्ती, पुन्हा बोलावणं. अखेर १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या.

कोबॉलची स्टँडर्ड्स मात्र नंतरही येत राहिली: २००२, २०१४, २०२३. शेवटच्याचं अधिकृत नाव आयएसओ/आयईसी १९८९:२०२३. यातला १९८९ हा स्टँडर्डचा नंबर आहे आणि साल २०२३. व्हायवात उलटं सांगू नका.