डॉ. द्वारकानाथ कोटणीस : रणांगणावरील वैद्यसेवेचे एक चरित्र

वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे यावीत हे योग्यच आहे. परंतु काही माणसे अशी असतात की, ती कोणत्या ज्ञातीची हा प्रश्नच त्यांच्या कार्यापुढे गौण ठरतो. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्यांपैकी एक होत. आपल्या समाजातील अनेक मुलेमुली वैद्यकीय शिक्षण घेत आहेत; त्यांच्यासाठी हे चरित्र मुद्दाम येथे देत आहे.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील परीक्षेची तयारी करीत असता चीनमधील युद्धाची हाक त्यांच्या कानी आली. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली होती. चिनी सेनानी चू-तेह ह्यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले आणि काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ह्यांनी देशाला आवाहन करून निधी गोळा केला. पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. डॉ. अटल हे त्याचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि आमचे कोटणीस हे इतर सभासद. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ बोटीने निघाले.

कॅन्टन, हँको, चुंगकिंग अशी मजल करीत फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. तेथे जाण्याच्या सुमारासच वडील निवर्तल्याचे वृत्त कोटणिसांना कळले. घरी आई, भावंडे आणि कुटुंबाचा भार. अशा वेळी परत फिरणाऱ्याला कोणीही दोष दिला नसता. परंतु पत्करलेले काम अर्धवट टाकणे त्यांना रुचले नाही. पुढे पथकातील तिघे सहकारी मायदेशी परतले. बसू व कोटणीस मागे राहिले.

आता त्या सेनेची वैद्यव्यवस्था कशी होती ते पाहू. आठवी रूट सेना गनिमी काव्याने लढत होती. मागे सुरक्षित शहर नाही, आगगाडी नाही, औषधांचा पुरवठा तुटपुंजा. कॅनडाचे शल्यवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून ह्यांनी १९३८ मध्ये एका खेड्यात आदर्श रुग्णालय उभारले होते. जपानी सैन्याने ते थोड्याच दिवसांत उद्ध्वस्त केले. त्यावरून धडा असा मिळाला की, रुग्णालय एका जागी बांधू नये, ते चालते असावे. शस्त्रक्रियेची उपकरणे व औषधे खेचरांच्या पाठीवर लादून डॉक्टरच लढाईच्या जवळ जाऊ लागले, कारण जखमीला लांब नेण्यात जो वेळ जातो त्यातच जखम चिघळून प्राण जातो. जखमींना खेडुतांच्या घरांतून ठेवीत आणि शत्रू जवळ आला की रुग्णालय दुसऱ्या गावी हलवीत.

दुसरी अडचण माणसांची. शिकलेले डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. म्हणून शेतकऱ्यांच्या मुलांनाच शिकवून परिचारक व वैद्य तयार करण्याची शाळा निघाली. नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन वारले. पुढे त्या शाळेला व रुग्णालयाला त्यांचेच नाव देण्यात आले.

१९४० मध्ये कोटणीस ह्या डोंगराळ आघाडीवर आले. त्या वर्षीच्या मोठ्या मोहिमेत तेरा दिवसांत आठशेंहून अधिक जखमी त्यांच्या हाताखालून गेले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. चिनी भाषा शिकून ते त्याच भाषेत व्याख्याने देत व विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत. तेथील लोक त्यांना ‘क दिहुआ’ ह्या नावाने ओळखत; त्यातील ‘हुआ’ म्हणजे चीन.

नोव्हेंबर १९४१ मध्ये परिचर्या शिकविणाऱ्या कुओ छिंगलान ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत आणि चीन. परंतु अतिश्रमाने देह पोखरला गेला होता. अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी आघाडी सोडण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. शल्यशास्त्राच्या पुस्तकाचा दुसरा भाग अपुराच राहिला.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम ह्यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. १९६२ मध्ये उभय देशांत युद्ध झाले, मने दुरावली; तरीही चीनमध्ये त्यांच्या समाधीवर फुले वाहिली जातच राहिली. औषध देणाऱ्या हाताची आठवण राजकारणाच्या वादळांनी पुसली जात नाही, हेच ह्यावरून दिसते.

आपल्या ज्ञातीतील तरुण डॉक्टरांनी चीनला जावे असे कोणी म्हणणार नाही. बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील आदिवासी पाडे येथून हाकेच्या अंतरावर आहेत. रुग्ण आपल्याकडे येण्याची वाट न पाहता आपणच रुग्णाकडे जावे, हा त्या चालत्या रुग्णालयाचा मुख्य नियम होता. महिन्यातील एक रविवार जरी कोणी त्यासाठी दिला, तरी हे चरित्र येथे छापल्याचे सार्थक होईल.