लोकसभेचे पहिले सभापती : दादासाहेब मावळंकर

सभापती म्हटलं की आपल्याकडच्या मुलांना आधी पंचायत समिती आठवते. तिथून त्यांना दिल्लीच्या लोकसभेपर्यंत न्यायचं असेल, तर दादासाहेब मावळंकरांचं चरित्र वर्गात जरूर सांगावं.

गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. शिक्षण काही राजापुरात, पुढचं अहमदाबादेत. १९१३ पासून तिथंच वकिली. मग नगरपालिका, सत्याग्रह आणि तुरुंग. तुरुंगात एकूण सहाएक वर्षं गेली. तिथं भेटलेल्या कैद्यांवर त्यांनी गुजरातीत पुस्तकही लिहिलं.

१९३७ साली ते मुंबई विधानसभेचे सभापती झाले. पण खरी चुरस झाली जानेवारी १९४६ मध्ये, दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात. देश अजून इंग्रजांच्या ताब्यात होता. अध्यक्षपदासाठी समोर सर कावसजी जहांगीर उभे होते. दादासाहेब ६६ विरुद्ध ६३ मतांनी निवडून आले. फक्त तीन मतं! (आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, हेही मुलांना सांगा.)

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ रोजी ते लोकसभेचे पहिले सभापती झाले. विरोधकांनी शंकर शांताराम मोरे यांना उभं केलं होतं, म्हणजे सामना दोन मराठी माणसांतच. निकाल ३९४ विरुद्ध ५५. एवढ्या मोठ्या बहुमताच्या सभागृहात ५५ जणांचं म्हणणं ऐकून घ्यायचं कसं, ही खरी अडचण इथून पुढं सुरू होते. दादासाहेब स्वतः काँग्रेसचे, पंतप्रधान नेहरूही काँग्रेसचे. इंग्लंडात सभापती आपला पक्ष सोडतो. दादासाहेबांनी तो सोडला नाही, पण पक्षाच्या भांडणापासून ते दूर राहिले.

सरकार ऊठसूट वटहुकूम काढू लागलं तेव्हा त्यांनी नेहरूंना पत्रं लिहून हरकत घेतली. संसद बसलेली नसताना कायदे करायची सवय लागली तर संसद नावापुरती उरेल, ही त्यांची काळजी. मंत्री सभागृहात आश्वासन देतात आणि विसरून जातात, म्हणून त्यांच्या काळात १९५३ साली आश्वासनांवर नजर ठेवणारी समिती नेमली गेली. मला तर हे काम फार मोलाचं वाटतं.

तरीही विरोधकांचं समाधान झालं नाही. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला. स्वतःवरचीच चर्चा चालवायची नाही, या नियमाने खुर्चीत उपसभापती बसले. या ठरावावर पक्षाचा आदेश न मानता मत द्या, असं नेहरूंनी आपल्या सदस्यांना सांगितलं. ठराव फेटाळला गेला.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी, पदावर असतानाच, दादासाहेब हृदयविकाराने गेले. त्यांच्या जागी पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. त्याच सभापतीच्या खुर्चीत १९९१ ते १९९६ आपल्या जिल्ह्यातले, चाकूरचे शिवराज पाटील बसले.